तिथे कोणी का जात नाही?

‘ताई, मागच्या वर्षी आम्ही दोघं ऑस्ट्रियातल्या हॉलश्टाटला गेलो. तळ्याकाठचं ते चिमुकलं गाव मी कितीतरी वर्षं फोटोंत बघत आले होते. प्रत्यक्षात फोटोच्या जागी उभं राहायला 40 मिनिटं रांग लावावी लागली, आणि माझी पाळी आली तेव्हा मागचा माणूस “आटपा” अशी खूण करत होता. घरी आल्यावर आठवायला बसले तर तळं डोळ्यांसमोर येईना, रांगच आली. आता ठरवलंय, गर्दी नसेल तिथेच जायचं. सोकोत्रा बेट, पामीर महामार्ग आणि तुवालू अशी तीन नावं काढली आहेत. हातात 12 दिवसांची रजा आहे. पण भाऊ म्हणतो, “जिथे कोणी जात नाही, तिथे न जाण्याला काहीतरी कारण असतं.” त्याचं ऐकू का? तिन्हींतलं कुठलं निवडू? आणि अशा जागेचे फोटो टाकले तर चालतील का?
– रांगेला कंटाळलेली’

प्रिय मैत्रीण,

तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा. तुमच्या पत्राचं निम्मं उत्तर त्यांनीच देऊन ठेवलं आहे. त्यांनी ते वाक्य तुम्हाला थांबवायला वापरलं. मी तेच तुमच्या हातात देणार आहे, कारण आडवाटेचा प्रवास ठरवताना याहून कामाचं वाक्य मला माहीत नाही. जागा ओस आहे, तर का ओस आहे? कारण असतंच. ते कुठलं आहे हे कळलं की जावं का, कधी जावं, किती दिवस जावं हे सगळं त्यातून उलगडत जातं. कारण न विचारता निघालेली माणसं एक तर अडकतात, नाहीतर दुसऱ्याला अडचणीत टाकतात.

आधी हॉलश्टाटबद्दल थोडं, कारण तिथून आल्यावर तुम्ही स्वतःलाच थोडा दोष देताय असं पत्र वाचताना वाटलं. गावाची वस्ती साधारण 750. ऐन हंगामात एकेका दिवशी तिथे 10,000 पर्यंत माणसं येऊन जातात. 2023 च्या मे महिन्यात तर फोटोसाठी झुंबड उडते त्या जागेवर लाकडी कुंपण उभारलं गेलं, म्हणजे डोंगराचं दृश्यच झाकायचं. टीका झाल्यावर ते काढलं, पण त्यावरून तिथल्या माणसांवर काय वेळ आली असेल ते समजतं. तेव्हा तळं आठवत नाही यात तुमचं काही चुकलं नाही. पाठीशी माणूस घाई करत असताना कोणालाच काही नीट दिसत नाही.

आता तुमची तीन नावं. तिन्ही ओस आहेत, पण तिघांची कारणं अगदी वेगळी आहेत.

सोकोत्रा. तुम्ही तिथली ती झाडं पाहिली असणार, उलट्या झालेल्या छत्रीसारखी, ज्यांच्या खोडातून लाल राळ येते. जगात इतर कुठेही आपोआप उगवत नाहीत अशा वनस्पती या बेटावर इतक्या आहेत की तिथल्या 825 जातींपैकी 37 टक्के फक्त तिथल्याच आहेत. 2008 मध्ये बेट जागतिक वारशाच्या यादीत आलं. मलाही जायचं आहे, खोटं कशाला बोलू. पण हे बेट येमेनचं आहे आणि येमेन दहा वर्षांहून जास्त काळ युद्धात होरपळतं आहे. बेटावर लढाई चालू नाही, तिथले दिवस शांत जातात, असं जाऊन आलेले सांगतात आणि त्यांच्यावर माझा विश्वास आहे. अडचण बेटावर पोचण्याची आणि त्याहून जास्त परत येण्याची आहे. विमानं मोजकी, ती कोणाच्या परवानगीने उडतात हे राजकारणावर ठरतं, आणि एक दिवस ती थांबली तर तुमच्यासाठी कोण येणार? अनेक देशांची परराष्ट्र खाती येमेनला जाऊच नका असं सांगतात. बहुतेक प्रवास विम्यांमध्ये अशा देशात झालेला खर्च भरून मिळत नाही. ही ओळ पॉलिसीच्या बारीक अक्षरांत असते आणि लोक ती परत आल्यावर वाचतात. शिवाय जून ते सप्टेंबर तिथे इतका वारा असतो की समुद्रमार्ग जवळपास बंद पडतो. ही जागा युद्धामुळे ओस आहे. तिला आत्ता नाही म्हणा. कायमचं नाही, आत्ता.

सुदानमधल्या मेरोवेची गोष्ट मी विसरू शकत नाही. वाळूत उभे असलेले 200 च्या आसपास पिरॅमिड, इजिप्तच्या पिरॅमिडांपेक्षा लहान, टोकदार, आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही. गर्दी टाळणाऱ्यांचं ते वर्षानुवर्षं लाडकं ठिकाण होतं. 2023 च्या एप्रिलमध्ये सुदानमध्ये युद्ध पेटलं आणि राजधानी खार्तूमच्या विमानतळावरही लढाई झाली. त्या आठवड्यात देशात असलेल्या परदेशी माणसांना लष्करी विमानांनी आणि जहाजांनी बाहेर काढावं लागलं. जागा तीच होती, पिरॅमिड तेच होते. म्हणून एखाद्याने चार वर्षांपूर्वी लिहिलेलं कौतुक वाचून तिकीट काढू नका. या महिन्याच्या बातम्या वाचा.

पामीर महामार्ग. इथे कारण आहे उंची. ताजिकिस्तानातून जाणारा हा रस्ता आक-बैताल खिंडीत 4,655 मीटरवर चढतो. मुर्गाब हे त्या पठारावरचं मोठं गाव, तेही 3,600 मीटरवर. गोर्नो-बदख्शान या प्रांतासाठी व्हिसाखेरीज वेगळा परवाना लागतो, तो आधी काढावा लागतो. एवढं सगळं जमण्यासारखं आहे. पण उंचीपुढे हट्ट चालत नाही. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर वाढवायचा, हा डॉक्टर सांगतात तो साधा हिशेब आहे. किर्गिझस्तानातल्या ओशकडून निघालात तर 1,000 मीटरच्या खालून एका दिवसात 3,000 च्या वर पोचता. ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बेकडून खोरोगमार्गे गेलात तर खोरोगला 2,100 मीटरवर आणि मग वाखान खोऱ्यात शरीराला सावरायला दिवस मिळतात. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं एवढंच असेल तर आहात तिथेच थांबा आणि वर चढू नका. माणूस झोकांड्या खाऊ लागला किंवा बसल्याजागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरवा, सकाळची वाट पाहू नका. हे मी इतकं खुलवून सांगते आहे कारण तिन्हींत मला पामीरच सर्वांत आवडतं, आणि म्हणूनच 12 दिवसांत ते उरकू नका अशी कळकळीची विनंती आहे. येण्याजाण्याचे दिवस वजा केले तर तुमच्या हातात आठ उरतील. त्या रस्त्याला तीन आठवडे द्या. ही जागा कुठे जात नाही.

तुवालू. प्रशांत महासागरातला हा चिमुकला बेटांचा देश बिचारा फक्त लांब आहे. वस्ती साधारण 11,000, सर्वांत उंच जागासुद्धा समुद्रापासून जेमतेम चार-पाच मीटर वर, आणि तिथे जायचं तर फिजीहून आठवड्यातून मोजकी विमानं. राजधानी फुनाफुटीची धावपट्टी हेच संध्याकाळी गावाचं मैदान असतं. मुलं तिथे खेळतात, मोठी माणसं वाऱ्याला येऊन बसतात, आणि विमान यायचं असलं की भोंगा वाजतो, मग सगळे बाजूला होतात. 2025 च्या एप्रिलपर्यंत त्या अख्ख्या देशात एकही एटीएम नव्हतं. यातलं काहीही धोक्याचं नाही. पण विमान एकदा रद्द झालं की पुढचं दोन-तीन दिवसांनी, आणि तुमच्या परतीच्या सगळ्या तिकिटांची साखळी त्या एका विमानाला बांधलेली. रजा 12 दिवसांची असताना हा जुगार मी खेळणार नाही.

यावरून मला माझंच एक आठवलं. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मध्ये फेअर आयल नावाचं बेट आहे. लांबी पाच किलोमीटर, वस्ती पन्नासच्या आसपास. मी दोन रात्रींचा बेत करून गेले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी सामान बांधून तयार झाले आणि जिच्याकडे उतरले होते त्या बाईंना विचारलं, विमान वेळेवर आहे का? त्यांनी फोन उचलला नाही, संगणक उघडला नाही. हातातलं काम ठेवलं, खिडकीशी गेल्या, पडदा सारला आणि वॉर्ड हिल या टेकडीकडे पाहिलं. टेकडी 217 मीटरची आहे. तिचं निम्म्यापासून वरचं अंग धुक्यात बुडालं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, माथा दिसत नाही, आज नाही. पुढचे तीन दिवस मी रोज सकाळी उठून त्याच खिडकीशी जात होते आणि माथा दिसत नव्हता. छोटं विमान डोळ्यांनी पाहून उतरतं, धुक्यात ते येत नाही. फेरीबोटही लाट मोठी असली की निघत नाही. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या मी दिवस मोजून नेल्या होत्या. त्या संपल्या. बेटावरच्या नर्सनी माझा कागद तपासून दोन दिवसांच्या गोळ्या दिल्या. त्यांच्याकडे त्या असतीलच असं कुठे होतं? तेव्हापासून अशा ठिकाणी मी दोन नियम पाळते. औषधं ठरलेल्या दिवसांच्या दुप्पट न्यायची. आणि परतीचं मोठं विमान, त्या शेवटच्या छोट्या प्रवासानंतर किमान दोन दिवस सोडून काढायचं. ते दोन दिवस वाया गेले तर जवळच्या शहरात आराम करा. वाया गेले नाहीत तर त्यांनीच तुम्हाला वाचवलेलं असेल.

आता अशा जागा, ज्यांच्याबद्दल तुमच्या पत्रात काही नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. काही ठिकाणं ओस आहेत कारण तिथल्या माणसांना किंवा त्या जमिनीला तुम्ही यायला नको आहात. दक्षिण अटलांटिकमधलं ट्रिस्टन द कून्हा घ्या. विमानतळ नाही, केप टाउनहून जहाजाने आठवडाभर, वस्ती अडीचशेच्या आत, आणि पाय ठेवायचा तर बेटाच्या परिषदेची परवानगी आधी घ्यावी लागते. परवानगी मागायची आणि मिळाली नाही तर मुकाट्याने दुसरीकडे जायचं, एवढं सरळ आहे ते. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांनी 2019 पासून एक फार सुंदर गोष्ट सुरू केली. वसंतात काही दिवस निवडक ठिकाणं पाहुण्यांसाठी बंद ठेवायची आणि जगभरातून आलेल्या स्वयंसेवकांच्या हातून तिथल्या पायवाटा दुरुस्त करायच्या. पहिल्या वर्षी 100 जण आले होते. प्रवासाला असंही जाता येतं, हे तुम्हाला पटेल असं वाटतं. आणि बाहेरच्यांशी संपर्कच ठेवत नाहीत अशा आदिवासींच्या प्रदेशात तर कुठल्याही सबबीवर जायचं नाही. आपल्याला साधं सर्दी-पडसं असेल, त्यांच्या शरीराला ते अनोळखी असतं आणि अख्खी वस्ती आजारी पडू शकते. तिथे ‘मी वेगळी प्रवासी आहे’ याला काहीही अर्थ नाही.

फोटोंचा प्रश्न इथेच घेते. अलास्कात डेनालीजवळच्या रानात एक जुनी मोडकी बस पडून होती, 142 नंबरची. 1992 मध्ये एक तरुण तिथे एकटा राहिला आणि उपासमारीने गेला. त्याची गोष्ट जगभर पोचली, आणि त्या बसपर्यंत पोचणं हेच अनेकांचं स्वप्न झालं. वाटेत टेक्लानिका नदी आहे, हिमनदीच्या पाण्याची, दुपारी अचानक फुगणारी. ती ओलांडताना 2010 मध्ये एक आणि 2019 मध्ये एक अशा दोन तरुण स्त्रिया बुडाल्या. इतरांना शोधून आणायला पथकं पुन्हा पुन्हा जात राहिली. शेवटी 18 जून 2020 रोजी हेलिकॉप्टरने ती बसच उचलून नेली. आइसलंडमधली एक अरुंद दरी एका प्रसिद्ध गायकाच्या 2015 च्या व्हिडिओत दिसली आणि पुढे इतकी माणसं लोटली की काठावरची शेवाळं आणि झाडोरा तुडवला गेला. 2019 मध्ये ती काही काळ बंदच करावी लागली. थायलंडची माया बे ही छोटी खाडी गर्दीपायी 2018 च्या जूनमध्ये बंद झाली ती 2022 च्या जानेवारीत उघडली. मधल्या काळात प्रवाळ लावलं गेलं आणि उथळ पाण्यात काळ्या परांचे छोटे शार्क परत फिरू लागले. माणसं थांबली की निसर्ग किती लवकर हात पुढे करतो, हे वाचून मला भरून आलं होतं.

म्हणून फोटो जरूर टाका, पण नेमकं ठिकाण जोडू नका. डोंगर, तळं, अवघड वाट असेल तर प्रदेशाचं नाव पुरे. एखादी खाणावळ चालवणारी, खोल्या भाड्याने देणारी माणसं ‘आमचं नाव सांगा’ म्हणाली तर आनंदाने सांगा, तिथे गप्प राहणं उलट अन्याय आहे. माणसांचे, विशेषतः मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि भाषा येत नसेल तर कॅमेरा दाखवून थांबा. होकार लगेच कळतो. नकारही.

आता राहिलं तुमच्या भावाच्या वाक्यातलं उरलेलं अर्धं, जिथे ते चुकले आहेत. खूप ठिकाणी कोणी जात नाही याला कारण एवढंच असतं की शेजारी एक प्रसिद्ध नाव आहे आणि सगळे तिथेच थांबतात. युद्ध नाही, उंची नाही, बंदी नाही. व्हेनिसचंच पाहा. शहरात पाय ठेवायला जागा नसते. तिथूनच बोटीने तासाभराच्या अंतरावर तोर्चेल्लो नावाचं बेट आहे. व्हेनिस मोठं होण्याच्या आधी हे गजबजलेलं होतं, तिथलं चर्च 639 मध्ये स्थापन झालं. मग खाडी गाळाने भरत गेली, हिवताप आला, माणसं निघून गेली आणि त्यांच्या घरांचे दगडसुद्धा व्हेनिसच्या बांधकामांना गेले. आज तिथे कायमची राहणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. चर्चच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर अंतिम निवाड्याचं, म्हणजे जगाच्या शेवटी देव सगळ्यांचा न्याय करतो त्या प्रसंगाचं, भलं मोठं मोझेक (रंगीत तुकडे जोडून केलेलं चित्र) आहे. सकाळी चर्च उघडताच गेलात तर त्याच्यासमोर तुम्ही जवळजवळ एकट्या उभ्या असाल. ओसाडपणाचं कारण काही शतकांपूर्वीच्या इतिहासात आहे आणि आज त्यापासून कोणाला काही अपाय नाही. अशी जागा शोधायची.

शोधायची कशी? मी नकाशा कागदावर छापून घेते. प्रसिद्ध नावाभोवती दोन-तीन तासांच्या प्रवासाचं एक वर्तुळ काढते आणि त्या वर्तुळात रेल्वेचं शेवटचं स्टेशन, बोटीचा शेवटचा धक्का, एखादं जुनं विद्यापीठ असलेलं गाव शोधते. मग त्या गावच्या लोकांसाठीचं बसचं वेळापत्रक उघडते. दिवसात दोन बस असतील तर गर्दी नाही आणि सोय आहे. एकही नसेल तर सोय नाही. पंचवीस असतील तर पर्यटकांची आधीच रीघ लागलेली आहे. ‘गुप्त ठिकाणं’ अशा याद्यांवर मी वेळ घालवत नाही. यादीत आलेलं ठिकाण दोन वर्षांत गुप्त राहत नाही.

आणि ज्या जागेवर तुमचं खरंच मन आहे ती प्रसिद्ध असली तरी सोडू नका. हॉलश्टाटचे बहुतेक पाहुणे बसने येतात आणि संध्याकाळच्या आत निघून जातात. तुम्ही तिथे दोन रात्री राहिला असतात आणि सकाळी सहाला तळ्याकाठी गेला असतात, थंडीच्या तोंडावर, तर तुमच्या पत्रातलं वाक्य वेगळं असतं. तुमच्या थकव्यातला मोठा वाटा घाईचा होता असं मला वाटतं. नवीन जागा निवडलीत आणि पुन्हा रोज सामान उचलून पुढे पळालात, तर तिथूनही थकूनच याल.

तर या 12 दिवसांसाठी माझा सल्ला: जपानमधलं शिकोकू बेट. क्योतोत इतकी माणसं झाली की 2024 मध्ये गिओन भागातल्या खासगी गल्ल्या पाहुण्यांना बंद करण्यात आल्या. तिथून काही तासांवर असलेल्या शिकोकूत मात्र फार थोडे परदेशी उतरतात. 88 देवळांची साधारण 1,200 किलोमीटरची परिक्रमा या बेटाभोवती आहे, आणि शतकानुशतकं माणसं ती चालत आली आहेत. पूर्ण करायला सहा-सात आठवडे लागतात, तुम्हाला ती पूर्ण करायची नाही. तोकुशिमाजवळच्या पहिल्या देवळापासून दहाव्यापर्यंत दोन-तीन दिवस रमतगमत चाला. वाटा खुणा केलेल्या आहेत, घरं, शेतं, दुकानं लागत राहतात, म्हणजे एकटं वाटत नाही आणि हरवायची भीतीही नाही. मग तिथून इया खोऱ्यात जा आणि चार-पाच रात्री एकाच ठिकाणी राहा. दरीवर वेलींचे झुलते पूल आहेत. त्यातला मोठा, 45 मीटरचा, नदीपासून 14 मीटर उंच आणि दर तीन वर्षांनी नवा विणला जातो. तिथे थोडी वर्दळ असते. खोऱ्याच्या आतल्या टोकाला जोडीने बांधलेले दोन पूल आहेत, तिकडे कमी लोक पोचतात. त्याच वाटेवर नागोरो नावाचं गाव आहे. माणसं शहरांकडे गेली, म्हातारी वारली, शाळा बंद पडली, आणि गावातल्या एका बाईंनी गेलेल्या माणसांच्या जागी कापडाच्या माणसाएवढ्या बाहुल्या करून बसवायला सुरुवात केली. आता बाहुल्या राहणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. बसथांब्यावर, शेताच्या बांधावर, बंद शाळेच्या वर्गात. हे गाव ओस का आहे, याचं उत्तर तिथे तुमच्यासमोर बसलेलं असतं. तिथे हळू आवाजात बोला. वरच्या खोऱ्यात बस फार कमी आहेत, त्यामुळे शेवटची बस किती वाजता हे उतरतानाच कागदावर लिहून घ्या.

तब्येतीचं थोडं, पुढे पामीरला जाल तेव्हासाठी. दूरच्या भागात मला सर्वांत जास्त काळजी कुत्रा चावण्याची वाटते. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जवळपास कोणीच वाचत नाही, आणि चावल्यावर लागणारं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दुर्गम भागात सहसा मिळत नाही. आधीच लस घेतलेली असेल तर त्याची गरज पडत नाही, फक्त पुढचे डोस घ्यावे लागतात. म्हणून निघण्याआधी महिना-दीड महिना डॉक्टरांना विचारून ठेवा. चावलंच, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटं जखम धुवायची आणि मग पळायचं. पीतज्वराची लस लागणाऱ्या देशात जायचं असेल तर तिचं प्रमाणपत्र टोचल्यानंतर 10 दिवसांनी लागू होतं, आदल्या आठवड्यात जाग येऊन उपयोग नाही. विम्यात दुर्गम भागातून उचलून आणण्याचा खर्च आहे की नाही, हे फोनवर न विचारता लेखी घ्या. मोबाइलला रेंज नसलेल्या रानात जाणार असाल तर 406 मेगाहर्ट्झचं संकटसंकेत देणारं छोटं यंत्र मिळतं, ते नोंदणी करून न्या. सॅटेलाइट फोन मात्र काही देशांत परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, तेव्हा आधी चौकशी करा.

शेवटी, एक कोरा कागद घ्या. त्यावर कुठल्या तारखेला कुठे मुक्काम, शेवटची बस किंवा बोट कधी, विम्याचा नंबर, तुमची औषधं, आणि ‘या दिवशी या वेळेपर्यंत फोन आला नाही तर इथे कळवायचं’ असं सगळं लिहा. एक प्रत तुमच्या पिशवीत राहू द्या. दुसरी भावाकडे द्या. कारण विचारणारा माणूस घरी असला, की असा कागद नीट वाचला जातो.

तुमची,
ताई